हाडाची फोटोग्राफर

सव्वीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आले:
श्वास घ्या. रोखून धरा.
खाणीतून वर आलेले पुरुष
उघड्या छातीनं गार पत्र्याला बिलगायचे,
हनुवटी वर, खांदे पुढे,
आणि मी भिंतीआड जाऊन बटण दाबायची.
मग: सोडा. कपडे घाला. पुढचा.

चियातुरात मँगनीज निघतं.
नदी काळी, रुमाल काळे,
खिडकीत वाळत घातलेली लंगोटीसुद्धा करडी.
माझ्या फिल्मवर मात्र ती धूळ पांढरी उमटायची,
बरगड्यांमागे भुरभुरलेलं हिम.

इस्पितळ बंद पडलं तेव्हा
भंगारवाला जुन्या फिल्म किलोवर नेत होता.
त्यांत चांदी असते, म्हणाला, उकळून काढतो.
दोन पोती मी त्याच्याच भावानं घेतली.
का, ते त्यालाही सांगता आलं नाही, मलाही.

उरलेल्या पैशांत आवतांदिलचा स्टुडिओ:
पडदा, स्टूल, दोन दिवे,
एक कॅमेरा आणि बरीचशी उधारी.
नणंद म्हणाली, एक्कावन्नाव्या वर्षी
हातचं सोडून पळत्याच्या पाठी?
हातात काय होतं ते तिनं सांगितलं नाही.
मी म्हटलं, अगं, मी तर मुळातच हाडाची फोटोग्राफर.
ती हसली नाही.

पहिला हिवाळाभर चेहरे जमेनात.
समोर माणूस बसला
की मी त्याच्या बरगड्या मोजू लागायची.
पासपोर्टसाठी आलेल्या पोरीला सवयीनं म्हणाले,
श्वास रोखा.
फोटोत ती बुडताना दिसली.
आवतांदिल कोपऱ्यातून खाकरला
(दुकान विकलं, पण खुर्ची विकली नव्हती त्यानं):
सोडताना टिपावं बाई.
माणूस तेवढ्यापुरता स्वतःचा असतो.

आता लोक जुने फोटोही आणतात,
घडी पडलेले, चहा सांडलेले,
कात्रीनं एक नवरा कमी केलेले.
मी डाग काढते. सगळे काढत नाही.

रोपवेच्या स्टेशनाखाली सूर्यफुलाच्या बिया विकणारी
नातेला आली ती रिकाम्या हातानं.
बापाचा फोटो करून द्याल?
कशावरून करू?
तेच तर, म्हणाली. कशावरूनच नाही.
मी चार वर्षांची होते.

नाव सांगितलं. सेवेरियान.
पोती उपसायला तीन रात्री लागल्या.
मार्च १९८७, आणि कोपऱ्यात माझंच अक्षर,
नोकरी नवी होती तेव्हाचं, वळणदार.

खिडकीच्या काचेवर फिल्म धरली.
दोन फुप्फुसं, हिमानं भरलेली.
मधे एका अंगाला कललेलं काळीज.
आणि गळ्याखाली, काढायचा राहून गेलेला
नखाएवढा क्रॉस.
नियमानं ती फिल्म बाद करायला हवी होती.
मी नवखी होते, मागे रांग होती.

नातेला बराच वेळ क्रॉसकडे बघत राहिली.
आई तर सांगायची, ह्या माणसाचा
कशाकशावर विश्वास नव्हता.

मग तिनं विचारलं, तोंड?
वरच्या कडेला जबड्याची एक कोर आली होती,
पुढे फिल्म संपली होती.
हे तेवढं मोठं करून द्या, ती म्हणाली.
मी म्हटलं, फुटेल, दाणेदार होईल.
होऊ दे.

केलं. तळहाताएवढं.
धुक्यातल्या टेकडीसारखं काहीतरी.
अठ्ठावीस वर्षं त्यानं छातीत भरून धरलेली हवा
त्या कागदावर नव्हती, ती फिल्मवरच राहिली,
आणि फिल्म तिनं मागितली नाही.

पैशांबरोबर बियांची एक पुडी ठेवून गेली.
ती पायऱ्या उतरून पुलापलीकडे गेल्यावर
माझ्या ध्यानात आलं,
तिची हनुवटी
नीट बघायची राहिली.