कुरबूर

बोगद्याने डोंगरात दोन किलोमीटर आत गेलं
की ऋतू संपतात.
वर स्कारदालला नोव्हेंबरअखेरपासून सूर्य नाही,
मासे वाळवायच्या रिकाम्या मांडवांवर बर्फ.
इथे ट्यूबलाइट, धुतलेली फरशी,
आणि कवेत न मावणाऱ्या करड्या नळ्या.

नळ्यांत चार लाख वीस हजार व्होल्ट
आणि हवेच्या पाचपट जड वायू.
श्वासात गेला तर माझाही आवाज
बापासारखा घोगरा होईल.
त्याचं काम एकच, विजेला गप्प बसवणं.

भिंतींना कान असतात म्हणतात.
या भिंतींना तोंड आहे, कान आम्ही आणायचे.

आइलिफ लाकडी दांडा आणायचा.
एक टोक नळीला, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
त्याची आई पाव तळाशी टिचकी मारून ऐकायची,
भाजलाय की नाही ते.
"तसंच," एवढंच शिकवलं त्याने मला.

मंगळवारी पडद्यावर ठिपके आले.
लाटेच्या माथ्यावर नाहीत, पायथ्याशी नाहीत,
कुठेही, कसेही,
सांडलेल्या मोहरीसारखे.
म्हणजे आत काहीतरी सुटं आहे. नाचतंय.

नऊ नंबरच्या सेन्सरला खबर आधी,
दहाला चार नॅनोसेकंद उशिरा.
एका नॅनोसेकंदात प्रकाश फूटभर चालतो.
चार फूट, त्याचे निम्मे दोन:
मधोमध मोजून दोन फूट नऊकडे सरकले.
ग्रीस लावून ध्वनीचा सेन्सर टेकवला.
टिक.
टिक टिक.
टिक.
मनातली पाल इतक्या स्पष्ट कधी चुकचुकली नव्हती.
खडूने फुली मारली.

ऑस्लोहून विचारलं, उन्हाळ्यापर्यंत थांबेल का?
गाव अंधारात, दवाखाना याच तारेवर.
थांबेलही, म्हटलं.
मग म्हटलं, मी थांबणार नाही.

रविवारी रात्री लाइन बंद.
वायू सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला चार तास,
झाकणाचे बत्तीस बोल्ट.
तळाशी, टॉर्चच्या उजेडात,
कापलेल्या नखाएवढा ॲल्युमिनियमचा कीस,
एक टोक वितळून गोल झालेलं.

काडेपेटीत घालून आइलिफकडे नेला.
त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"ही आट्यांची कड. नऊ नंबर मीच जोडला होता,
सत्याऐंशीच्या मार्चमध्ये. आस्त्री दवाखान्यात होती,
मला घाई होती."
मी म्हटलं, इतकी वर्षं कोपऱ्यात पडून असेल, निपचित.
परवा ब्रेकर दणकला, तेव्हा उठला.

तो काही बोलला नाही.
कॉफी ओतली, माझ्या कपात जास्त झाली.

मग काडेपेटी कानाशी नेऊन हलवली,
उजव्या, मग डाव्या.
"वाजतोय का गं?" त्याने विचारलं.
वाजत होता.
मी जरा मोठ्याने सांगितलं.