माप

दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या अलीकडे
माझं दुकान, नऊ फूट रुंद.
गोलच्या दोन खांबांमध्ये अशी अडीच दुकानं बसतात,
वर थोडं कापड उरतं.
हे मी एकदा सहज म्हणालो,
तेव्हापासून किरीटभाई माझ्याशी फुटबॉलचं बोलतो.

शनिवारी तिघं येतात.
उद्या विश्वामित्री एफसीची मॅच, पाहुणे गोव्याचे,
आणि कोच कुणालाच विचारत नाही
म्हणून टीम इथे निवडायची.
कटिंगच्या टेबलावर शाळेच्या चड्ड्यांचं निळं टेरिकॉट.
निंबाळकर काका माझाच खडू उचलतात
आणि मांडतात चार-चार-दोन,
देव्हाऱ्यातले देव मांडावेत तसे,
चाळीस वर्षं ज्याची जागा त्याला.
"काका, मंगळवारी माल द्यायचाय."
"झटकलं की जातं रे."

ऋजुता खंडागळे झटकतेच.
एम. एस. युनिव्हर्सिटीत आकडेशास्त्र शिकते, नखं खाते.
तीन मागे, पाच मध्ये, दोन पुढे.
"मध्ये त्यांचे तिघं आले की आपले दोघं नुसते वारा घालतात, काका."
"आणि बाजूनं आला तर? तुझी वही अडवणार त्याला?"
किरीटभाई चहा सांडतो,
"शुं वात करे छे! मध्ये पाच?
एवढी गर्दी तर नवरात्रात नवलखीवर नसते!"
त्याच्या टीममध्ये सगळेच पुढे असतात,
गोलकीपरसुद्धा थोडासा.

एकाच गोष्टीवर तिघांचं जमतं.
आल्विन मकवान. तीन नंबर. फतेहगंजचा.
चार मॅच बाहेर बसवलाय.
"त्याचा डावा पाय म्हणजे..."
काकांना शब्द सापडत नाही,
ते कापडाच्या काठाकाठानं
एक लांब पांढरी रेघ ओढतात, शेवटी आत वळवतात.
"कोचशी वाजलं असेल."
"पैशाचं असेल."
"तो नवा पोरगा मालकाचा भाचाबिचा असेल."

मी काजं करत होतो.

गुरुवारी दुपारी, शटर अर्धं खाली असताना
आल्विन आला होता, वाकून.
बहिणीच्या लग्नाची पँट.
कंबर बत्तीस.
उजवी मांडी चोवीस.
डावी साडेबावीस.
टेप पुन्हा घातली.
टेप खोटं बोलत नाही, तरी माणसाला एक संधी द्यावी.
साडेबावीस.
समोर आरसा होता. तो बंद पंख्याकडे बघत होता.
"दोन्ही पाय सारखे दिसले पाहिजेत, मास्टर."
"डावीकडे आतून अस्तर देतो. कळायचं नाही कुणाला."
"नाचायचंय," म्हणाला.

माझे वडील म्हणायचे,
शिंप्याला अख्ख्या गावाचं पोट माहीत असतं,
म्हणून त्यानं तोंडाला टाका घालून बसावं.

"मास्टर, तुम्हीच सांगा. उद्या आल्विनला घ्यायचा ना?"
तीन चेहरे. अकरा खडूचे गोल.
डावीकडचा काकांनी फार दाबून काढलेला.
म्हटलं, "मी क्रिकेटवाला, मला काय कळतंय."
पण हात थांबेना.
मधल्या रांगेतला एक गोल पुसला
आणि चार बोटं डावीकडे, त्या नव्या पोराच्या अंगाशी काढला.
"इथे उसवेल," म्हटलं. "इथे दुहेरी शिलाई घ्या."

ऋजुतानं नख तोंडातून काढलं.
बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"हे बरोबर आहे," म्हणाली,
पण खूश होऊन नाही.
काका म्हणाले, आल्विन असता तर लागलंच नसतं हे.
किरीटभाईनं चहाचे पैसे दिले, म्हणजे विषय संपला.

नंतर मी ब्रश मारला, वाफेची इस्त्री फिरवली.
दहा गेले.
अकरावा गेला नाही.
मग कापताना तो भाग
खिशाच्या आत येईल असा घेतला.