क्वार्टर

अ‍ॅनापोलिसला जानेवारीत वारा खाडीवरून येतो.
टेप धरलेली बोटं आधी सुन्न होतात, मग चुकतात.
मी मागच्या दाराशी उभी,
खांद्यावर पडद्यांच्या कापडाचे नमुने,
कानाला फोन, फोनमध्ये मिरजेहून आई:
"आज कुठे गं काम?"
"गव्हर्नमेंट हाउस."
"म्हणजे सरकारी क्वार्टर?"

हसले. अगं, राज्यपाल राहतात इथे.
"मग राजभवन म्हण की सरळ."

म्हणणार होते.
पण राजाचा माणूस यांनी
कधीच बोटीत बसवून परत पाठवला.
मागे राहिला तो एवढा शब्द,
खुंटीवर विसरलेल्या टोपीसारखा.
तेव्हा तो माणूस म्हणजेच सरकार होता.
तो जेवला की सरकार जेवलं,
त्याला पडसं झालं की सरकार शिंकलं,
आणि रात्री तो जिथे पाठ टेकवी
ते सरकारचं घर.
इतर कितीतरी राज्यांनी 'मॅन्शन' केलं म्हणे. हवेली.
इथे टोपी खुंटीवरच.

शासनगृह, असं म्हणून पाहिलं मनात.
पण गृह लागलं की आपल्याकडे
कुणाला तिथे फार दिवस राहावंसं वाटत नाही:
कारागृह, प्रसूतिगृह, विश्रामगृह,
आणि एसटी स्टँडवरचं ते, सुट्टे पैसे लागणारं.
सरकारचं घर म्हणावं, तर आईच्या तोंडी
'सरकार' म्हणजे बाबा,
तेही भांडण झाल्यावर:
"सरकारांना चहा चालणार आहे का?"

अर्नेस्टीनने दार उघडलं.
एकतीस वर्षं किल्ल्या सांभाळते.
किती गव्हर्नर पाहिले विचारलं, तर पडदे मोजू लागली:
"हिरवे. मग फुलांचे. परत हिरवे.
मग बदामी. बदामी दोनदा निवडून आले."

वर जुन्यांची खोकी भरणं चाललेलं.
एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा
भिंतीवरच्या चित्राची निळी चिकटपट्टी
नखाने सोडवत होता, इतकी हळू,
की जणू खालचा रंग झोपलाय.
"खिळा मारायची परवानगी नाही,"
अर्नेस्टीन म्हणाली, "कुणालाच."

गादीचं कापड बघायला मी खुर्ची उलटी केली.
खाली चिकटवलेला आकडा: ४१७.

आणि एकदम पिवळी भिंत आठवली,
दारावर काळ्या रंगात बी-९,
खुर्चीच्या पोटाखाली पांढऱ्या रंगात सा. बां. वि.
कॅलेंडर सुतळीने खिडकीच्या गजाला,
कारण बाबा म्हणत, भिंत आपली नाही.
रिटायर झाले त्या सकाळी कारकून आला यादी घेऊन,
दिवे मोजले, तोट्या मोजल्या.
मोरीतला बल्ब आमच्या पैशांचा होता,
तोही त्याने मोजला.
बाबा म्हणाले, जाऊ दे.
नळाच्या सांडपाण्यावर आईने लावलेला कढीपत्ता
यादीत नव्हता, म्हणून राहिला.
तेवढंच एक खरं आमचं,
आणि तेवढंच नेता आलं नाही.

खाली खोकी गाडीत चढत होती.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे उलटं: वासे जागच्या जागी,
माणसं फिरतात.

फोन अजून चालूच.
खिडकी बहात्तर इंच, मी पुटपुटले,
आणि शिवणीत दोन इंच जास्त धरले.
कापड पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

"हो आई," म्हटलं. "क्वार्टरच."

तिकडे थोडा वेळ काहीच नाही,
मग लांब कुठेतरी कुकरची शिट्टी.
"भाडं कापतात का पगारातून?"
माहीत नाही.
"पाणी किती वाजता येतं?"
चोवीस तास असेल गं.
"बरं. त्या नव्या माणसाला सांग," आई म्हणाली,
"कढीपत्ता लावू नको म्हणावं."