अंगठ्यांचं काम

पत्ता असा नव्हताच.
अमागासाकी स्टेशनच्या दक्षिणेला
किल्ल्या बनवणाऱ्याचं बंद दुकान,
दाराशी कुणाच्या तरी विसरलेल्या तीन छत्र्या,
आणि जिना इतका अरुंद
की माणूस आधी खांदा पाठवतो, मग स्वतः जातो.
पाटी नाही. घंटी आहे, वाजत नाही.

हेही कळलं पाचव्या दिवशी,
सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या इसोको-सानकडून.
मोठ्या हॉटेलांच्या गरम कुंडांवर लिहिलेलं असतं, गोंदलेल्यांना मनाई.
इथे नव्हतं, म्हणून मी इथे यायचे,
माझ्या अंगावर अजून काही नसतानाही.
चार दिवस त्यांनी नुसतं पाहिलं:
ही बाई आधी अंग धुते का,
टॉवेल पाण्यात बुडवते का.
पाचव्या दिवशी सुटे पैसे देताना
पावतीच्या पाठीवर नकाशा काढला.
"माझं नाव सांगा. आणि अत्तर लावून जाऊ नका."

कुवाबाता-सेन्सेई सत्तरीचे, गुडघ्यांखाली उशी.
भाषांतरासाठी पुढे केलेला माझा फोन
त्यांनी माशी वारावी तसा वारला.
मग मला झेपेल एवढ्याच शब्दांत:
काय हवं? कार्प मासा.
कुठे? पाठीवर.
मुक्काम किती? चार दिवस.
ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
"पाठीला तीन वर्षं लागतात. चार दिवसांत," त्यांनी चिमटीत हवा धरली,
"एक खवला.
एका खवल्याचा मासा पोहवणार कुठे?"

मी उठले. ते म्हणाले, हात बघू.
हात दाखवून अवलक्षण, असं मनाशी म्हणत
दोन्ही पुढे केले.
त्यांनी अंगठेच तेवढे दाबून पाहिले.
काम काय करता?
रक्तपेढीत, बारा वर्षं. शीर शोधते, सुई घालते,
आणि बोलत राहते, म्हणजे माणूस सुईकडे बघत नाही.
एवढं जपानी मला कुठलं यायला.
कोपराच्या खळगीवर बोट ठेवून म्हटलं, चिकु.
टोचल्याचा त्यांचा शब्द. फळामुळे लक्षात राहिलेला.

शिकाऊ मुलगा मार्चमध्येच सोडून गेला होता,
ओसाकाला, मशीनवाल्यांकडे.
तीन वाजता नागासे-सान आले, टोफूवाले,
पहाटे दोनपासून उभे, पालथे पडले आणि झोपलेच.
पाठीला उकडलेल्या सोयाबीनचा वास,
डाव्या खांद्यावर पिओनीची रेघ, आत रंग नाही.
मी न सांगता हातमोजे चढवले.
तेव्हा मात्र सेन्सेई हसले.
"ताणा."

माझे दोन अंगठे, मध्ये बोटभर कातडी.
बांबूची काडी त्यांच्या डाव्या अंगठ्यावर टेकलेली,
शाईचा कुंचला करंगळीशी अडकवलेला,
आणि तो आवाज: सक्, सक्, सक्,
कोवळी काकडी मोडावी तसा, पण बारीक,
पण हजारदा.
माझी सुई घेऊन येते.
ही ठेवून येते.
सवयीनं तोंडातून निघून गेलं,
झालं हं, झालं, थोडंच राहिलंय.
नागासे-सान झोपेतच म्हणाले, हाय.

चार दुपारी गेले.
पैशाचं कुणीच बोललं नाही, ना त्यांनी, ना मी.
शेवटच्या दिवशी पिओनीची एक पाकळी
काठापासून आत काळीकरडी होत होत फिकट झाली,
आणि नागासे-सान उठून शर्ट घालून गेले,
कारण सोयाबीन भिजत घालायचं होतं.

रात्री न्हाणीघरात
साबणाची वडी माझ्या हातात राहीना.
अंगठे मिटत नव्हते.
तिसऱ्यांदा सुटली तेव्हा शेजारच्या म्हातारीनं उचलली.
तिच्या दंडावर काहीतरी होतं,
फूल असेल, पक्षी असेल,
कातडीबरोबर सैल पडत आता दोन्ही नसलेलं.
तिनं न विचारता मला पाठमोरी बसवलं
आणि माझी कोरी पाठ घासली,
चांगली जोर लावून,
डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरत.