बुधवारचं पार्सल

वन्सं, तुम्ही परवा दारातच म्हणालात,
चपात्या विकणाऱ्या घरात
हॉटेलची पिशवी कशी काय?
हातात गरम होतं, म्हणून तेव्हा बोलले नाही.
निवलं असतं.

आता सांगते.

पहाटे चारला कणीक, दोन पराती.
विश्रामबागच्या पोरांचे सव्वीस डबे,
कुपवाडच्या कारखान्यातले अकरा,
आणि दातांच्या दवाखान्यातल्या एक मॅडम,
त्यांना तेल कमी.
डब्यांवर नावं नाहीत, ऑइलपेंटनं आकडे घातलेत.
चौदाला वांगं चालत नाही.
बाविसाव्यानं एकदा रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली,
मला वाटलं, कौतुक असेल.
लिहिलं होतं, भाजीत केस.
तेव्हापासून डोक्याला रुमाल बांधते,
मे महिन्यातसुद्धा.

दुपारपर्यंत माझ्या भुकेचं काय होतं ठाऊक आहे?
फोडणीच्या वासानंच पोट भरतं,
आणि न जेवता भरलेलं पोट
फार चिडकं असतं, वन्सं.
उरलेला चपातीचा तुकडा
ओट्याशी उभ्यानं, चहात बुडवून.
त्याला जेवण म्हणत असाल तर म्हणा.

लोक म्हणतात, आळस.
म्हणतात, पैसा फार झाला.
असेल कुणाकुणाचा.
बँकेतली एक पोरगी पार्सल नेते
कारण कांदा कुणी चिरायचा
यावरनं घरी आठवडाभर अबोला आहे.
एक म्हातारे गृहस्थ अर्धाच जिरा राईस घेतात.
पुरा घेतला तर सकाळपर्यंत उरतो, म्हणाले,
आणि शिळा भात एकट्यानं बघवत नाही.
त्या बाकड्यावर बसलं की कळतं,
प्रत्येकाच्या घरचा गॅस
वेगळ्याच कारणानं बंद असतो.

माझं कारण एवढंसंच.
मला मी न ढवळलेलं खायचं असतं.
झाकण निघेपर्यंत
आत काय आहे ते ठाऊक नसलेलं.
आठवड्यातनं एकदा.

शंभर फुटीवरनं येताना तेजू गाडी चालवते,
पिशवी माझ्या मांडीवर.
आई, सरळ धर, रस्सा सांडेल, म्हणते ती,
आणि मी धरते, कुणाचं तरी तान्हं
घटकाभर सांभाळायला दिल्यासारखी.
ऊब पदरातनं पोटाला लागते.

रोटी घरी येईस्तोवर वातड होते.
काजूची ग्रेव्ही म्हणतात, निम्मी मगजबी असते.
जिरं करपलेलं.
सगळं कळतं मला, आणि कळून खाते.
मीठ कमी असलं तर म्हणते, मीठ कमी आहे!
मोठ्यानं म्हणते.
तेजू हसते.
एकशे ऐंशी रुपयांत भाजी येते, दोन रोट्या येतात,
आणि हे म्हणायला मिळतं.

काउंटरवरचा पोरगा बिलावर लिहितो, मालतीताई.
मी मालन, हे त्याला कधी सांगितलं नाही.
मालनला पहाटे चारचा गजर असतो.
मालतीला बुधवारी सुट्टी.

पोरगा फार वाळलाय हो.
मनगटावर भट्टीचा डाग आहे,
माझ्या तव्याच्या डागाच्या बरोबर जागी.
रात्री शटर ओढल्यावर तो कुठं जेवतो,
विचारीन म्हणते आणि राहून जातं.

रबरं मी टाकत नाही, दाराच्या कडीला अडकवते,
सॉसच्या पुड्या फ्रिजच्या दारात,
प्लॅस्टिकच्या डब्या धुऊन त्यांत सांडगी मिरची.
म्हणजे हिशेब अगदीच सुटलेला नाही,
हे तुमच्या भावाला सांगा.

आणि पुढच्या बुधवारी या.
कांदा जादा मागून घेते.
ताटं काढू नका फक्त,
ती घासावी लागतात.
डब्यातनंच खाऊ.