काटा

रात्री दोन दहा ते दोन एक्कावन्न.
एवढाच वेळ.
एकेचाळीस मिनिटं, त्रेपन्न रिपोर्ट,
आणि प्रत्येकात टिंब एक घर डावीकडे सरकलेलं.
नवी आवृत्ती आम्हीच चढवली होती, महाप्याहून,
चौथ्या मजल्यावरून, मशीनचा चहा पीत.

चार वाजता हृषीकेशचा फोन.
"विशाखा, आकडे सरळ कर,
आणि लॉगमधल्या तेवढ्या ओळी काढून टाक.
कोणाची तक्रार नाही. गुरुवारी ऑडिट आहे, माहितीये ना?"
माहितीये.
हेही माहितीये की किल्ली माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.
म्हणून तर आवाज इतका मऊ.

टेबल उघडते.
पहिल्या नोकरीत शिकवलं होतं,
इथे माणसं नसतात, ओळी असतात.
हिराबाई मढवी, अडुसष्ट, दिवाळे गाव. क्रिएटिनिन ०.४१.
नझीर तुंगेकर, बावन्न, कोपरखैरणे.
बेबी ऑफ संजीवनी, वय दोन दिवस. बिलिरुबिन १.८२.
अजून नाव नाही त्याला.
सिस्टीमला आई माहीत आहे, वजन माहीत आहे,
आणि हा आकडा,
जो दोन चाळीसला कोणीतरी उघडून पाहिलाय
आणि म्हणालंय, छान, झोपू दे त्याला.

बाबा रबाळ्याला भंगाराच्या कंपनीत काट्यावर होते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी, खाली सही.
ड्रायव्हर म्हणायचे, मास्तर, या की जरा प्लेटवर.
बाबा किडकिडीत. चोपन्न किलो.
मी कधी उभा राहिलो नाही, असं सांगायचे,
जेवताना, पाहुण्यांसमोर, विनाकारण.
मग वाशीच्या दवाखान्यात, नाकात नळी,
म्हणाले, राहिलो होतो. अकरा दिवस.
तुझी इंजिनिअरिंगची पहिली फी.
मी उशी सारखी केली.
चोपन्न गुणिले किती ट्रक,
हा हिशेब मला येतो.
अजून केलेला नाही.

पुसायची कमांड लिहून झालीय.
फक्त एंटर.
खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर, खाणीने अर्धा खाल्लेला,
त्याच्या पोटात दोन दिवे.
कोणी विचारणार नाही, हे खरंच आहे.
मलाही घराचे हप्ते आहेत, घणसोलीत, अजून सोळा वर्षं.
उरलेला चहा गार होतो.
मी बॅकस्पेस दाबून धरते.

मग दुरुस्ती, पण उघडी:
जुना आकडा तसाच, खाली नवा, शेजारी माझं नाव,
जुन्या वहीत खोडून सही करायचे तशी.
मग लॅबला फोन. रात्रपाळीचा पोरगा, जांभई देत,
"मॅडम, सकाळी कळवलं तर?"
"नाही. आत्ता. आधी बाळाचा."
"थांबा, पेन घेतो."
अठरा पॉइंट दोन.
एक पॉइंट नाही रे. अठरा. एकावर आठ.
परत वाच.
तो वाचतो.
मग त्याची जांभई थांबते, ते फोनमध्ये ऐकू येतं.
अजून बावन्न.

साडेसहाला माझा पासवर्ड चालेनासा झाला.
हृषीकेशचा मेसेज: नंतर बोलू.
डबा, चार्जर, ड्रॉवरमधली चप्पल,
एवढंच निघालं माझं तिथून.
बाळाचं काय झालं, ते मला कोणी कळवणार नाही.
नियमच तसा आहे, आणि तो योग्य आहे.

शिळफाट्याच्या रस्त्याने चालत निघाले, रिक्षा न बघता.
कडेला वजनकाटा, त्यावर सळ्यांनी लादलेला ट्रक,
केबिनमध्ये एक मुलगा, कानात हेडफोन.
मी फोनकडे बघत उभी.
"ओ ताई! पाय घ्या मागे. वजन चाललंय."
खाली पाहिलं.
लोखंडी प्लेट. तिच्यावर माझं एक पाऊल.

घेतलं मागे.
वरचा लाल आकडा थरथरला,
जरासा उतरला,
आणि थांबला.