चुकीचं दार

टुकमकेरीच्या पुढे पेट्रोल भरून
बर्नार्ड थ्वेट आजही उजवीकडचंच दार उघडतो,
आत बसतो, हात पुढे करतो.
स्टिअरिंग नाही.
मांडीखाली हिल्डाचा चष्मा.

पैसे घेताना पंपावरच्या लोर्नाने विचारलं होतं,
"कुठला रे तू, राजा?"
ग्रिम्सबी.
"म्हणजे लंडनच्या जवळच!"
असेल बाई. इथल्या हिशेबाने
अख्खं इंग्लंडच एकमेकांच्या जवळ.

चाळीस वर्षं बस चालवली त्याने,
थांब्याला थांबा लागून.
इथे रस्ता वळायचंच विसरलाय,
समोरची टेकडी
दुपारपासून तेवढीच लांब.

उतरावं म्हणतो, तेवढ्यात
पलीकडचं दार उघडून हिल्डा बसते,
खुर्ची पुढे ओढते.
"बस आता तसाच," म्हणते,
"चष्मा तेवढा दे.
मोडलास ना?"